पावसाळ्याआधी एवढं करा : गृहनिर्माण संस्थांच्या समित्यांना खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि सर्व समिती सदस्य,
मुंबई, ठाणे, पुणे आणि राज्यातल्या इतर शहरांमधल्या सहकारी गृहनिर्माण संस्था

विषय : दम्याच्या रुग्णांच्या घरातली हवा आणि इमारतीची देखभाल

स. न. वि. वि.

दम्याच्या रुग्णाला डॉक्टर औषधं लिहून देतात, तशा घरासाठीही काही सूचना देतात. ओल राहू देऊ नका, झुरळं होऊ देऊ नका, गाद्यांना ऊन दाखवा, धूर टाळा, धूळ उडवू नका. घरची माणसं या सूचना जिवापाड पाळतात. पण फ्लॅटमध्ये राहणाऱ्या कुटुंबाच्या हातात त्यातलं निम्मंच असतं. ओल वरच्या बाथरूममधून नाहीतर बाहेरच्या भिंतीतून येते. झुरळं ड्रेनेजच्या चेंबरमधून चढतात. धूर कंपाउंडमधून खिडकीत येतो. ऊन गच्चीवर असतं आणि गच्चीला कुलूप असतं. या सगळ्या जागांचा कारभार तुमच्याकडे आहे, म्हणून हे पत्र तुम्हाला.

माझी मुलगी पाचवीत आहे. तिला लहानपणापासून दमा आहे. आम्ही एका उपनगरात, तीस वर्षं उलटून गेलेल्या इमारतीत राहतो. तिच्यामुळे जे शिकावं लागलं ते इथे मांडते आहे, कारण तिच्यासारखी मुलं आणि धाप लागणारी म्हातारी माणसं तुमच्याही इमारतीत असतील. त्यातली बरीच जण सोसायटीच्या ऑफिसात येऊन बोलत नाहीत, एवढंच.

एक गोष्ट आधी सांगते. दम्यात खरा आधार नियमित उपचाराचा, डॉक्टरांनी रोज घ्यायला सांगितलेल्या इनहेलरचा असतो. घरातली हवा सुधारली म्हणून तो परस्पर बंद करायचा नसतो. जगातल्या दम्याच्या रुग्णांपैकी साधारण १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंमध्ये भारताचा वाटा ४० टक्क्यांहून जास्त आहे. निदान उशिरा होतं, ‘इनहेलरची सवय लागते’ अशी भीती असते, बरं वाटलं की औषध सुटतं. हे सगळं आमचं आणि डॉक्टरांचं काम, ते आम्ही करतो. पण दम्यात श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला सूज असते. त्रास देणारं काही श्वासातून आत गेलं की नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात, चिकट कफ वाढतो आणि हवा बाहेर पडायला वाट उरत नाही. औषध वेळेवर घेणारं मूलसुद्धा रात्रभर बुरशी धरलेल्या भिंतीशेजारी झोपलं, तर पहाटे उठून बसतं.

म्हणून सगळ्यात आधी ओलीबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी या एकाच विषयावर स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि ओलसर घर व दम्याचा त्रास यांचा संबंध त्यात स्पष्ट मांडला. भिंत ओली राहिली की बुरशी धरते आणि तिचे सूक्ष्म बीजाणू हवेत पसरतात. आपल्याकडे सगळीकडे आढळणारी ॲस्परजिलस नावाची बुरशी काही दमेकऱ्यांच्या फुप्फुसात ॲलर्जीचा एक वेगळा, चिवट आजार निर्माण करते आणि त्याचे उपचार महिनोन्‌महिने चालतात. शिवाय ओलसर हवेत गादीतले धुळीचे किडेही फोफावतात.

आमच्या मुलीच्या खोलीची एक भिंत वरच्या घराच्या बाथरूमखाली येते. कपाट सरकवलं तेव्हा मागे तळहाताएवढे काळे-हिरवे डाग होते, रंगाने पोपडे धरले होते, बोट लावलं की प्लास्टरचा भुगा पडत होता. खालच्या खणातल्या वह्यांना कुबट वास येत होता. समितीकडे अर्ज दिला. उत्तर आलं, वरच्यांशी तुम्हीच बोलून घ्या. वरच्यांनी सांगितलं, आमचं प्लंबिंग नवं आहे, हे बाहेरच्या पाइपाचं पाणी असणार. पुन्हा अर्ज दिला. पावसाळा संपला की बघू, म्हणाले. पावसाळा संपला तेव्हा फंड नव्हता. उन्हाळ्यात भिंत वरवर कोरडी दिसली, तेव्हा तक्रार मिटली असं धरलं गेलं. पुढच्या जुलैत डाग पुन्हा आले आणि मुलीला नेब्युलायझर, म्हणजे औषधाची वाफ देणारं यंत्र, लावण्यासाठी रात्री दवाखाना गाठावा लागला.

गळती कुठून येते हे शोधणं अवघड नाही आणि हे काम समितीनेच करायला हवं. दोन शेजारी एकमेकांवर ढकलत असताना तिसऱ्या माणसाने मध्ये पडावं लागतं. ओल फक्त पावसात वाढत असेल तर गच्ची, बाहेरची भिंत किंवा खिडकीचा छज्जा बघायचा. बारा महिने असेल तर पाण्याची नाहीतर सांडपाण्याची लाइन. संशय बाथरूमवर असेल तर प्लंबर नहाणी ट्रॅप बुजवून तिथे रंग घातलेलं पाणी भरून ठेवतो आणि खाली रंग उतरतो का ते बघतो. एका दिवसाचं काम. खर्च कोणाचा, हेही आदर्श उपविधींमध्ये, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांमध्ये, लिहिलेलं आहे. पावसाच्या पाण्याची गळती, गच्चीची गळती, बाहेरच्या सामाईक पाइपांची आणि ड्रेनेजची गळती संस्थेने दुरुस्त करायची. घराच्या आतल्या संडास-बाथरूम-सिंकची त्या सभासदाने. एवढं स्पष्ट असताना वर्षानुवर्षं ओल राहते, कारण कोणी कारण शोधायलाच जात नाही.

आणि कृपा करून ओल्या भिंतीवर पुट्टी आणि रंग मारून घ्यायचा सल्ला देऊ नका. पीव्हीसीच्या पट्ट्या ठोकून ती झाकायलाही सांगू नका. मागे बुरशी वाढतच राहते, फक्त दिसत नाही, आणि तिचा वास आणि बीजाणू फटींतून येत राहतात. आधी पाणी थांबवायचं, मग प्लास्टर खरवडून भिंत पूर्ण सुकू द्यायची, मग नवं प्लास्टर. सुकायलाच काही आठवडे लागतात. म्हणून हे काम फेब्रुवारी ते मे एवढ्याच काळात धड होतं. वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यायला ३० सप्टेंबरपर्यंत मुदत असते आणि बहुतेक सोसायट्या ती शेवटच्या आठवड्यांतच घेतात. तिथे गळतीचा विषय निघतो तोवर पावसाळा घरात येऊन गेलेला असतो. विशेष सर्वसाधारण सभा कधीही बोलावता येते, ती मार्चमध्ये बोलवा.

पैशाचं उत्तर मला ठाऊक आहे. आदर्श उपविधींप्रमाणे दुरुस्ती निधी वर्षाला बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के जमा करायचा असतो. जुन्या इमारतींमध्ये तो खर्च त्या काळच्या भावाने धरलेला असतो, त्यामुळे जमा होणारी रक्कम आजच्या वॉटरप्रूफिंगच्या कोटेशनपुढे काहीच नसते. सभेने ठरवलं तर ही वर्गणी वाढवता येते. जे सभासद म्हणतात की एका घराच्या आजारपणासाठी आम्ही का भरायचं, त्यांना स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, अहवाल दाखवा. भिंतीतून झिरपणारं पाणी मुलांच्या छातीला त्रास देतं, तसंच स्लॅबमधल्या सळ्यांनाही गंजवतं. सळई गंजून फुगते, काँक्रीटला तडे जातात आणि मग छताचे तुकडे पडतात. १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुनीचं दर तीन वर्षांनी करायचं असतं, ते याच भीतीने. गळतीसाठी पैसे लागणारच आहेत. ते लवकर काढले तर कमी लागतील आणि एखादं मूल रात्री झोपेल.

इंग्लंडमध्ये रॉचडेल गावात २०२० च्या डिसेंबरात अवाब इशाक नावाचा दोन वर्षांचा मुलगा श्वसनाच्या आजाराने गेला. तो राहत होता ती सदनिका भाड्याने घरं देणाऱ्या एका गृहनिर्माण संस्थेची होती आणि भिंतींवरच्या बुरशीबद्दल त्याच्या वडिलांनी तक्रार केलेली होती. २०२२ मध्ये मृत्यूच्या चौकशीत निष्कर्ष निघाला की घरातल्या बुरशीचा दीर्घकाळ संपर्क हेच कारण होतं. कुटुंबाच्या राहणीमुळे ओल येते असं आम्ही गृहीत धरलं, हे त्या संस्थेने नंतर कबूल केलं. पुढच्याच वर्षी तिथल्या संसदेने त्याच्या नावाने ओळखला जाणारा कायदा केला आणि सामाजिक घरांच्या, म्हणजे कमी भाड्याने दिल्या जाणाऱ्या घरांच्या, मालकांना अशा तक्रारींची ठरलेल्या मुदतीत तपासणी आणि दुरुस्ती करणं बंधनकारक झालं. आपल्याकडे असा कायदा नाही. पण ‘तुम्ही खिडक्या उघड्या ठेवत नसाल’, ‘कपडे घरात वाळत घालता म्हणून ओल येते’ ही वाक्यं मी आमच्या समितीच्या सभेत ऐकली आहेत. जुलैत कपडे घरातच वाळत घालावे लागतात. त्याने खोलीतला दमटपणा वाढतो हे खरं आहे, म्हणून आम्ही ते तिच्या खोलीत घालत नाही. पण पाण्याने भिजलेलं प्लास्टर दोरीवरच्या कपड्यांनी होत नाही.

आता गच्चीची किल्ली. गादी, उशी, गोधडी यांत धुळीचे किडे राहतात. डोळ्यांना न दिसणारे, माणसाच्या कातडीच्या कोंड्यावर जगणारे. ते चावत नाहीत, पण त्यांच्या विष्ठेतली प्रथिनं श्वासात गेली की ज्याला ॲलर्जी आहे त्याला त्रास होतो. त्यांना दमट हवा लागते. उष्णता आणि कोरडेपणा सोसत नाही. चादरी आणि अभ्रे आठवड्याला ५५ ते ६० अंश तापलेल्या पाण्यात धुतले की ते मरतात, हे घरात जमतं. कापसाची गादी कोणी धुऊ शकत नाही. तिला एप्रिल-मेचं कडक ऊन हवं, दोन्ही बाजूंनी, दिवसभर. आपल्या आई-आज्या वाळवणाच्या दिवसांत गाद्या-गोधड्यांना ऊन दाखवायच्या, ते अगदी योग्य होतं. किडे मेले तरी त्यांची घाण आत राहते, म्हणून नंतर गादी झटकायची असते, आणि ते काम घरातल्या धडधाकट माणसाने, रुग्णाला लांब ठेवून करायचं.

पण आजच्या सोसायट्यांमध्ये गच्चीला कुलूप असतं. पाण्याची टाकी आहे, मुलं कठड्यावर चढतात, रात्री लोक जाऊन बसतात, ही कारणं मला पटतात. त्यावर उपाय साधा आहे. एप्रिल आणि मे महिन्यांत दर रविवारी सकाळी नऊ ते दुपारी चार गच्ची उघडी, किल्ली वॉचमनकडे, वहीत नाव लिहून जायचं. वॉटरप्रूफिंग खराब होईल अशी भीती असेल तर खाट किंवा प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून त्यांवर गादी टाकायला सांगा. आमच्या घरातल्या बाल्कनीत दिवसाला तासभर ऊन येतं, तेवढ्याने गादी कोमट होते आणि दमट राहते. या एका गोष्टीला पैसा लागत नाही, सभा लागत नाही. उद्या नोटीस लावली तर रविवारपासून होईल.

डक्टकडे, म्हणजे पाइपांसाठी इमारतीत सोडलेल्या उभ्या मोकळ्या जागेकडेही बघा. बहुतेक इमारतींमध्ये बाथरूमच्या काचपट्ट्यांच्या खिडक्या आणि एक्झॉस्ट तिथेच उघडतात. तिथे एसीच्या युनिटवर कबुतरं घरटी करतात, विष्ठेचा थर साचतो, वाळतो आणि वाऱ्याने खिडकीतून आत येतो. कबुतरांच्या विष्ठेने आणि पिसांनी दमा तर उसळतोच, पण काही माणसांच्या फुप्फुसांना सूज येऊन ती कायमची आखडतात, आणि तो आजार दम्यापेक्षाही वाईट आहे. २०२५ मध्ये मुंबईत कबुतरखान्यांवरून केवढा वाद झाला ते तुम्ही पाहिलं आहे. त्या वादात कोण बरोबर यात मी जात नाही. आपल्या इमारतीचा डक्ट मात्र आपणच साफ करायचा आहे. वर आणि खाली जाळी बसवा. साफसफाई करताना थर आधी पाण्याने पूर्ण भिजवा, कोरडं खरवडू नका. आत उतरणाऱ्या माणसाला एन-९५ मास्क, हातमोजे आणि नीट दोर द्या. आदल्या दिवशी सगळ्या घरांना खिडक्या बंद ठेवायला सांगा. आणि कोणी स्वयंपाकघरातल्या चिमणीचा पाइप डक्टमध्ये सोडला असेल तर तो बाहेरच्या भिंतीकडे वळवायला लावा. खालच्या घरातल्या मिरचीच्या फोडणीचा ठसका आम्हाला आमच्या बाथरूममध्ये लागतो.

जिन्याखालची वॉचमनची केबिन तुम्ही रात्री अकरानंतर कधी पाहिली आहे का? आमच्याकडे तिथे डासांचे दोन कॉइल पेटलेले असतात, एक स्टुलाखाली आणि एक मीटरच्या पेटीजवळ. जिना चिमणीसारखा धूर वर ओढतो आणि तो दाराखालच्या फटीतून घरात येतो. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एक कॉइल पूर्ण जळताना निघणारे सूक्ष्म धूलिकण ७५ ते १३७ सिगारेटींएवढे मोजले गेले होते. तो वॉचमन हा धूर रात्रभर नाकासमोर घेतो. त्याला ओरडून काही होणार नाही, त्याला डास चावतात. केबिनला जाळीचं दार, एक टेबलफॅन आणि टाकीच्या ओव्हरफ्लोचं साचणारं पाणी बंद करणं, हे त्यावरचं उत्तर आहे. घराघरांतले कॉइल आणि धूपही त्याने कमी होतील, कारण बरेच जण ते डासांसाठीच लावतात. फॉगिंगने उडणारे डास तेवढे मरतात, अळ्या पाण्यात तशाच राहतात. डेंग्यूची साथ असेल तर फॉगिंग जरूर करा, पण सोसायटीच्या ग्रुपवर वेळ आदल्या दिवशी कळवा, म्हणजे ज्यांच्याकडे रुग्ण आहे ते खिडक्या लावून घेतील किंवा तासभर बाहेर जातील.

पेस्ट कंट्रोलचंही तसंच. झुरळांची विष्ठा आणि त्यांच्या अंगाचे कण हे दम्याचं मोठं कारण, तेव्हा चेंबर आणि कचऱ्याच्या जागेतला बंदोबस्त हवाच. पण जिन्यात आणि लिफ्टच्या लॉबीत फवारा मारण्यापेक्षा जेलचे ठिपके लावा, आणि फवारणी करावीच लागली तर चेंबरपुरती, पूर्वसूचना देऊन. एकाच घराने झुरळं मारून उपयोग होत नाही, ती पाइपातून शेजारी जातात आणि महिन्याने परत येतात. सगळ्या मजल्यांना एकदम हवं, म्हणजे ते समितीचंच काम झालं.

जिना कोरड्या खराट्याने झाडायच्या ऐवजी ओल्या फडक्याने पुसायला सांगा. सफाईसाठी ॲसिड वापरणं बंद करा. घरांत फरशी कापायचं काम चालू असेल तर पाणी सोडून कापायची आणि दार बंद ठेवायची अट परवानगीच्या पत्रात घाला. मुंबई महापालिकेने २०२३ मध्ये मोठ्या बांधकामांना पत्रे, हिरवं कापड आणि पाणी मारण्याचे नियम घातले, पण दुसऱ्या मजल्यावरच्या बाथरूमच्या तोडफोडीला ते लागत नाहीत. तिथे नियम तुमचाच चालतो. आणि वाळलेला पाला कंपाउंडमध्ये जाळणं तर बेकायदाच आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्याला २५,००० रुपये भरपाईचा आदेश दिला होता. पाला कोपऱ्यात खड्डा करून कुजवा. झाडांना खत होईल.

सभेत कोणीतरी हमखास म्हणतं, एअर प्युरिफायर घ्या ना. चांगला हेपा फिल्टर हवेतले कण पकडतो आणि बंद खोलीत त्याचा उपयोग होतो. पण तो भिंतीतलं पाणी थांबवत नाही, उघड्या खिडकीत त्याचा फारसा उपयोग नाही, आणि त्याच्या फिल्टरचा खर्च दरवर्षी येतो. ज्या घरांमध्ये मेंटेनन्स भरतानाच ओढाताण होते, त्यांना हे सुचवणं बरोबर नाही. ओझोन सोडणारी यंत्रं तर दम्याच्या घरात आणूच नयेत, ओझोननेच श्वासनलिकांना त्रास होतो.

शेवटची विनंती तक्रारीच्या वहीबद्दल. ज्या घरातून गळतीची किंवा धुराची तक्रार येते, त्या घराला आजारपणाचं सर्टिफिकेट मागू नका. अनेक आयांना मुलीचा दमा चारचौघांत सांगायचा नसतो, पुढे तिच्या लग्नात आड येईल या भीतीने. चूक असो वा बरोबर, ती भीती खरी आहे. तक्रार कसली आहे एवढं बघा. तारीख लिहा, कोण पाहायला गेलं ते लिहा, कारण काय सापडलं ते लिहा, काम कधी होणार ते लिहा. पुढच्या मासिक सभेच्या विषयपत्रिकेवर ‘इमारतीतील ओल व गळती’ हा विषय घ्या, सगळ्या मजल्यांची एकदा पाहणी करा, आणि जे ठरेल ते इतिवृत्तात नोंदवून त्याची प्रत तक्रार करणाऱ्या घराला द्या. आम्ही त्या प्रतीची वाट पाहतो आहोत.

आपली नम्र,
एका जुन्या सोसायटीतली सभासद